गिटारच्या पाठीला शिसव आहे, जोडीला फिकट लाकूड कुठलं घ्यावं? (सोलापूर)

माग_आणि_तार

नमस्कार मंडळी.

साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराचं काम निघालं, तेव्हा माळ्यावरून आजोबांच्या पलंगाची एक बाजू खाली आली. ६ फूट लांब, ६ इंच रुंद, सव्वा इंच जाड, अस्सल शिसवी. एका टोकाला खुंटीचं भोक आहे, बाकी फळी निर्मळ. थोडा रंधा मारून स्पिरिटचं बोट फिरवलं तर आतून जांभळट-काळ्या धारी वर आल्या. त्या दिवसापासून डोक्यात दुसरं काही नाही.

गिटार बनवायला लागून मला दोन वर्षं झालीत. पहिली सागाची केली, ती भाचा वाजवतो. ही दुसरी. आकार ओएम (मध्यम बांध्याची गिटार), खालचा फुगवटा १५ इंच. आपली नेहमीची पाठ दोन पानांची असते: एकच फळी जाडीत चिरायची, पुस्तकासारखी उघडायची आणि मध्ये सांधायची. त्यासाठी एकेक पान पावणेआठ इंच तरी रुंद हवं. माझं पान कडा साफ केल्यावर साडेपाच उरेल. दोन मिळून ११. म्हणजे मधले ४ इंच भरायचे आहेत, आणि ते मला फिकट लाकडाचे करायचे आहेत. खाली रुंद, वर मानेकडे निमुळता होत गेलेला पट्टा. केवळ लाकूड कमी पडतं म्हणून नव्हे, मला ते काळं-पांढरं मनापासून आवडतं.

हाताशी आहे ते असं: आंबा (वखारीत भरपूर), वाड्याच्या तुळईचा जुना साग, मावशीच्या शेतातली शिवण (चार वर्षांपूर्वी पडलेली, फळ्या काढून गोठ्यात ठेवल्यात), हेदूचा एक तुकडा. बाहेरून मागवायचं तर मेपल, पण ते महाग पडतं.

खरी धास्ती आपल्या हवेची आहे. मागच्या मे महिन्यात दुपारी खोलीतल्या मीटरवर आर्द्रता २२ टक्के होती, ऑगस्टमध्ये ८० च्या वर. दोन वेगळी लाकडं शेजारी लावली तर यात टिकतील का? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

पटाशी

आधी फळीच्या तोंडाचा फोटो टाका, जिथे आडवा काप दिसतो. वरच्या धारी बघून काही ठरत नाही.

अशोक_चौक

आंब्याच्या नादाला लागू नका. आमचं घरच सुतारकामात गेलंय. आंब्याला भुंगा लई लवकर धरतो. वरून चांगली दिसालीय म्हणून फळी आणायची, वर्षभरानं खाली पिठासारखा भुसा. पॅकिंगच्या खोक्याला चालतंय, पण गिटार काय दोन वर्षांसाठी करायलाय का तुम्ही? घ्यायचाच असला तर गाभ्याचा घ्या, बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवून सुकवलेला घ्या. सालीकडचं पांढरं लाकूड नको.

तुळईच्या सागाला खिळे बघा. मोडका खिळा आत राहिला की करवतीचं पातं गेलं, आणि त्याच्याभोवती काळा डाग पडलेला असतो तो निघत नाही.

सहा_तारा

मी गिटार शिकवतो, बनवत नाही. पाठीत दोन वेगळी लाकडं घातली की आवाज गढूळ होतो असं ऐकलंय. शिसवाचा खर्ज मध्येच तुटणार नाही का?

विजापूर_वेस

वेगवेगळी लाकडं शेजारी लावूच नयेत. एक जास्त आकसतं, एक कमी, आणि सांधा फाटतो. साधी गोष्ट आहे.

उभी_रेघ

@विजापूर_वेस, हे फार ठिकाणी ऐकायला मिळतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. तीन फळ्या रेघांच्या दिशेने शेजारी-शेजारी सांधल्या तर प्रत्येक फळी आपापल्या रुंदीत आकसते आणि त्या सगळ्याची फक्त बेरीज होते. सांध्यावर त्याचा ताण येत नाही. ताण येतो तो पाठीच्या आतून आडव्या चिकटवलेल्या चार ब्रेसिंगच्या पट्ट्यांमुळे. पट्टी आपल्या लांबीत हलत नाही, पाठ मात्र तिच्यावर रुंदीत आकसू बघते. भांडण आहे ते पाठीचं आणि पट्ट्यांचं, शिसवाचं आणि शेजाऱ्याचं नाही. आणि हे भांडण एकाच लाकडाच्या पाठीतही तितकंच असतं.

आता आकडे. शिसव ओलं असल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने (म्हणजे तोंडावर उभ्या रेघा असलेली फळी रुंदीत) सुमारे २.७ टक्के आकसतं, वर्तुळाच्या दिशेने (आडव्या रेघांची फळी रुंदीत) सुमारे ५.८. साग २.६ आणि ५.३, शिसवाचा सख्खा भाऊच. आंबा ३.६ आणि ५.५. हार्ड मेपल ४.८ आणि ९.९. म्हणजे जगभर शिसवाशेजारी बसवलं जाणारं मेपल शिसवापेक्षा पावणेदोन पट हलतं. दोन-तीन मिलिमीटरच्या रेघेला त्याने काही बिघडत नाही. ४ इंचाच्या पट्ट्याला बिघडतं, तो ब्रेसिंगशी जास्त भांडतो.

पण हेच आकडे दुसऱ्या अंगाने वाचा. आडव्या रेघांची शिसवी फळी उभ्या रेघांच्या शिसवी फळीपेक्षा दुपटीहून जास्त हलते. लाकूड तेच, झाड तेच! त्यामुळे रंगाआधी फळीच्या तोंडाकडे बघा. वर्षवलयांच्या रेघा तोंडावर उभ्या असतील तर ती फळी घ्या. आडव्या किंवा तिरक्या असतील तर कितीही सुंदर असली तरी ती गिटारच्या डोक्याला (खुंट्यांच्या भागाला) लावा, पाठीला नको.

माग_आणि_तार, तुमच्या ४०० मिलिमीटरच्या पाठीचा हिशेब केला तर ऑगस्ट ते मे मिळून उभ्या रेघांतही सुमारे साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून ब्रेसिंग कधी चिकटवता याला फार महत्त्व आहे. मीटर ४० ते ४५ दाखवत असेल त्याच दिवसांत करा. पावसाळ्यात चिकटवलेली पाठ मेमध्ये तडकते. उलट मेमध्ये चिकटवलेली पावसाळ्यात पोट काढते.

आणखी एक. तुमच्या फळीत सगळी गिटार शिसवी होऊ शकते, हे लक्षात आलंय का? ३१ मिलिमीटर जाडीतून ४ मिलिमीटरची चार पानं निश्चित निघतात, नशिबाने पाच. पाठीला २१ इंच आणि साइडला ३३ इंच लांबी धरली तरी ६ फुटांतून दीड फूट उरतो. तिसऱ्या पानातून मधला पट्टाही शिसवी काढता येईल. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६५ साली डी-३५ ही गिटार काढली ती याच अडचणीतून: ब्राझीलच्या शिसवाचे रुंद तुकडे मिळेनासे झाले, म्हणून पाठ तीन तुकड्यांची केली. पुढे तीच तिची ओळख झाली.

माग_आणि_तार

@उभी_रेघ, खूप आभारी आहे, हे मी दोनदा वाचलं. फळीचं तोंड ओलं करून बघितलं. रेघा जवळजवळ उभ्या आहेत, एका कडेला थोड्या कलतात.

सगळी शिसवी करण्याचा विचार केला, आणि नको वाटलं. उरलेली पानं पुढच्या गिटारीला ठेवीन. मधला पट्टा फिकटच हवा.

उभी_रेघ

मग प्रश्नच मिटला. @सहा_तारा, आवाजाचं सांगतो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कारागिराकडून ६ गिटारी करून घेतल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि साइडचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली, अक्रोड. लाकूड दिसणार नाही अशा तऱ्हेने ५२ वादकांना वाजवायला दिल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही, आणि स्वस्त-महाग लाकूड कानाने वेगळं काढणंही जमलं नाही. त्याच्याही आधी, १८६२ साली, स्पेनच्या तोरेस या गिटार कारागिराने पाठ आणि साइड चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या आणि वर स्प्रूस या हलक्या लाकडाची उत्तम फळी लावली होती. आवाजाचा मोठा वाटा वरच्या फळीचा असतो. पाठीचं वजन आणि ताठपणा जमला पाहिजे, मध्ये चार इंच दुसरं लाकूड असल्याने खर्ज तुटत नाही.

सहा_तारा

हे मला नवीन आहे. विद्यार्थ्यांना इतकी वर्षं मी उलटंच सांगत आलो. धन्यवाद.

तंबोरा_मिरज

आम्ही मिरजेचे. सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आपलंच गाव. आमच्या तंबोऱ्याचा भोपळा तुमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूने येतो, त्यामुळे सोलापूरकरांचं ऋण जुनं आहे.

आमच्याकडे तबलीला (भोपळ्यावरच्या पातळ फळीला) आणि दांडीला तून नावाचं लाकूड वापरतात, कधी साग. तून हलकी, गुळगुळीत, कापायला गोड. पण रंग लालसर. शिसवाशेजारी ठेवली तर पॉलिशनंतर दोन्ही एकमेकांत मिसळतात, तुम्हाला हवा तो उठाव मिळणार नाही. शिवण असेल तर तीच घ्या. फिक्या दुधाळ रंगाची, फारशी आकसत-वाकत नाही. मऊ आहे, नख लागतं, एवढा तिचा दोष.

चार वर्षं गोठ्यात असली तरी लगेच कापू नका. ५ मिलिमीटरची पानं काढा, मध्ये काड्या ठेवून चळत लावा आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पान तोला. सलग पंधरा दिवस वजन हललं नाही की सुकली. आमचे वडील लाकूड गालाला लावून सांगायचे, मला ते जमत नाही, मी काटा वापरतो.

काठपदर

मी या कामातली नाही, पण माहेर विणकरांचं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इरकल जवळून बघा. अंग सुती, पदर लाल रेशमी. दोन वेगळे जीव आहेत, पण अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासे घालून एकमेकांत अडकवतात, आणि मग पुढे बाणा चालतो. आणि अंगाचा रंग थेट भडक रंगाला भिडत नाही, मध्ये काठाची बारीक रेघ असते. तीच डोळ्याला सांगते की इथे एक संपलं, दुसरं सुरू झालं. रेघ नसली तर दोन कापडं चुकून शिवल्यासारखी दिसतात. तुमच्या काळ्या आणि दुधी लाकडाच्या मध्येही तशी रेघ हवी असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे उठावाचा रंग एकाच जागी ठेवू नका, थोडा आणखी कुठेतरी दिसू द्या. आपली चादर उलटी केली की रंगांची अदलाबदल होते, म्हणून ती दोन्हीकडून एकाच घरची वाटते. गिटारला कडेने जी पट्टी लावतात ती त्याच फिकट लाकडाची करता येईल का?

उभी_रेघ

काठपदर ताई, तुम्ही जे सांगितलंत ते शिकायला मला तीन गिटारी लागल्या. पहिलीत मी शिसव, मेपल, पडौक (लालभडक लाकूड) आणि साग असं सगळं घातलं होतं. दोन लाकडं आणि एक रेघ, याच्या पलीकडे जाऊ नये.

कडेच्या पट्टीला मात्र शिवण नको, मार तिथेच बसतो. कड कठीण लाकडाचीच हवी. फिकट रंग हवा असेल तर तिथे मेपल घाला, अर्ध्या इंचाच्या चार कांड्या लागतात, खर्च फार नाही. मधल्या रेघेला काळं व्हेनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा), पाऊण मिलिमीटर. शिसवाच्या बाजूने ती रेघ दिसणार नाही, शिवणीच्या बाजूने कोरून काढल्यासारखी दिसेल.

विडी_घरकुल

काळ्या रेघेसाठी रंगवलेलं व्हेनिअर कशाला? तेंदूचा गाभा काळाच असतो की. आमच्या घरात तीन पिढ्या ज्या पानाच्या विड्या वळल्या, त्याच झाडाचा. जुन्या खोडात काळं लाकूड थोडंच निघतं, पण रेघेला लागतं किती!

माग_आणि_तार

हे वाचून अंगावर काटा आला. शोधतो.

मधल्या तीन आठवड्यांत एक प्रयोग केला, तो सांगतो. सगळ्या लाकडांचे हातभर तुकडे घासून, अर्ध्या भागावर वर्तमानपत्र चिकटवून गच्चीत ठेवले. गड्ड्याची यात्रा सुरू झाली तेव्हा ठेवले, फेब्रुवारी लागता लागता काढले. वर्कशॉपमध्ये पडौकचा एक तुकडा होता, तोही ठेवला.

पडौक: झाकलेला भाग कुंकवासारखा लाल, उघडा भाग विटकरी-तपकिरी. हेदू: ताजा असताना हळदीसारखा, आता उघडा भाग तांबूस. साग: आधी हिरवट-पट्टेरी होता, आता एकसारखा सोनेरी आणि गडद. म्हणजे शिसवाच्या दिशेने सरकला. शिवण: थोडी पिवळसर झाली, पण फिकटच राहिली. आणि शिसव स्वतः जांभळट होतं ते तपकिरी झालं.

वखारीत दिसणाऱ्या रंगावर मी हेदू घेणार होतो. तीन आठवड्यांच्या उन्हाने वाचवलं. शिवण ठरली.

पटाशी

उत्तम केलंत. आता पॉलिशचं ऐका, इथे मी एक पाठ घालवली आहे. शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. पाठ एकदम घासून चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) बोळा फिरवलात की जांभळं पाणी शिवणीत शिरलंच म्हणून समजा, मग ते घासूनही निघत नाही. माझं मेपल कायमचं गुलाबी झालं.

क्रम असा ठेवा. शेवटचा हात पॉलिश पेपरचा नको, पोलादी खरवडपट्टीचा. पेपरने शिसवाची काळी भुकटी शिवणीच्या रंध्रांत बसते. खरवडल्यावर हवेने उडवा, ओल्या फडक्याने पुसू नका. मग बारीक ब्रशने फक्त शिवणीवर पातळ चपडीचे दोन हात, सुकू द्या. त्यानंतरच पूर्ण पाठीवर बोळा, आणि बोळा नेहमी रेघांच्या दिशेने, शिसवावरून शिवणीवर आडवा कधीच नाही.

सांध्याचं: शिसवाला तेल असतं. ज्या दिवशी कड रंध्याने ताजी कराल त्याच दिवशी सांधा. मी आधी अ‍ॅसिटोनने पुसतो. गोंद सरस (जनावराच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा) असेल तर उत्तम, नाहीतर उन्हात न सरकणारा पिवळा लाकडी गोंद. साधा पांढरा गोंद बंद गाडीत मेच्या उन्हात मऊ पडतो.

आणि मास्क लावा. शिसवाच्या भुकटीने माझ्या हातावर पुरळ उठतं. सुरुवातीची दोन वर्षं काहीच होत नव्हतं, मग एकदम सुरू झालं.

अशोक_चौक

सरस म्हणालात, बरं वाटलं. आमच्या आजोबांची सरसाची किटली अजून आहे. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायचा, थेट जाळावर नाही.

लष्कर_कॅम्प

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. शिसवी गिटार परदेशी नेताना अडवतात का? मुलगी जर्मनीला चालली आहे.

उभी_रेघ

ब्राझीलचं शिसव १९९२ पासून साइट्स या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या) आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्याला कागद लागतातच. आपलं शिसव, किंबहुना त्या कुळातली बाकी सगळी झाडं, जानेवारी २०१७ मध्ये दुसऱ्या यादीत आली आणि तेव्हा गिटारवाल्यांची मोठी तारांबळ उडाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तयार गिटार नेताना अडचण नाही, नुसती शिसवी फळी मात्र नेऊ नका. पलंगाची फळी कुठून आली हे माग_आणि_तार यांना माहीत आहे, हे त्यांचं भाग्य. शेतातलं शिसव असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते.

माग_आणि_तार

मार्चमध्ये लिहायचं होतं, राहून गेलं. आज मेचा तिसरा आठवडा आहे, म्हणून सगळं एकदम लिहितो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मीटर ४२ वर होता, तेव्हा पाठ सांधली. शिवणीचा पट्टा खाली १०५ मिलिमीटर, वर ४० (मधला पट्टा निमुळता केला म्हणून शिसवाची पानंही वरच्या अंगाला तिरकी बसली, धारी आपोआप मानेकडे धावल्या, हे मी योजलं नव्हतं). तेंदूचा गाभा अकलूजच्या एका ओळखीच्या सुताराकडे मिळाला, हाताएवढा लांब. एक रेघ त्याची झाली, दुसरीला तुकडा पुरला नाही. दोन्ही बाजू वेगळ्या नकोत म्हणून तो तुकडा काढून मानेच्या टाचेवर बसवला आणि दोन्ही रेघा व्हेनिअरच्या केल्या. विडी_घरकुल, तुमचं झाड गिटारवर आहे.

शिसवाचं वजन घनमीटरला ८३० किलोच्या आसपास, शिवण जेमतेम ५०० च्या घरात. मधला पट्टा बोटाने दाबला की लवचीक लागत होता. म्हणून पूर्ण पाठ २.५ ऐवजी २.८ मिलिमीटर ठेवली, आणि आतून दोन्ही सांध्यांवर आडव्या रेघांची स्प्रूसची पट्टी लावली. टिचकी मारली तर आधी मध्ये बोदा आवाज यायचा, ब्रेसिंगनंतर एकसारखा झाला.

पॉलिशला पटाशींचा क्रम तसाच्या तसा पाळला. एका जागी घाई झाली, खालच्या टोकाला शिवणीवर तांदळाएवढा गुलाबी ठिपका आहे. बाकी पांढरं पांढरं राहिलं.

आता मेचं. काल दुपारी मीटर २४. पाठीची गोलाई उतरली आहे. मार्चमध्ये सरळपट्टी ठेवल्यावर दोन्ही टोकांना जेवढी फट होती त्याच्या अर्धीच राहिली. तडा कुठेही नाही. आरशातून आत दिवा घालून चारही पट्ट्या बघितल्या, सगळ्या घट्ट.

सांध्यांवरून नख फिरवून बघितलं. उजवीकडे काहीच लागत नाही. डावीकडे, जिथे शिसवाच्या रेघा कलत्या होत्या असं मी आधी लिहिलं होतं, तिथे खालच्या चार बोटांत नख किंचित अडकतं. उभी_रेघ म्हणत होते ते तिथेच दिसलं. ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा नख फिरवून लिहीन.

तंबोरा_मिरज

फोटो उन्हातला टाका, दिव्यातला नको.

काठपदर

आणि पाठीचा टाका. पुढून सगळ्या सारख्याच दिसतात.